एसडीजी इंडेक्स वापरून बघितला: रँक सोडा, करडे चौकोन बघा

गेले सात-आठ महिने मी तीन गोष्टी आलटून पालटून वापरतेय. एक एसडीएसएन या संस्थेचा एसडीजी (म्हणजे शाश्वत विकास उद्दिष्टांचा) इंडेक्स आणि त्याचा डॅशबोर्ड, दुसरा संयुक्त राष्ट्रांचा अधिकृत एसडीजी डेटाबेस आणि तिसरा अवर वर्ल्ड इन डेटा या वेबसाइटचा एसडीजी ट्रॅकर. तिन्ही फुकट आहेत, कोणीही उघडून बघावं. कोणता देश २०३० च्या उद्दिष्टांच्या किती जवळ आलाय हाच प्रश्न तिघांसमोर आहे पण उत्तर द्यायची तऱ्हा तिघांची वेगळी, आणि नेमकं कोणतं उत्तर कुठे वापरायचं हे कळायला मला बराच वेळ लागला म्हणून हा रिव्ह्यू लिहितेय. मुख्य रिव्ह्यू इंडेक्सचा आहे, बाकीचे दोन तुलनेपुरते.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सप्टेंबर २०१५ मध्ये १९३ देशांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं मान्य केली, त्याखाली १६९ टार्गेट. टार्गेट गाठलं की नाही हे कशावरून ठरवायचं तर इंडिकेटरवरून, आणि ती इंडिकेटरची यादी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने मंजूर केली जुलै २०१७ मध्ये. म्हणजे शब्द आधी दिला गेला आणि मोजायची पट्टी जवळजवळ दोन वर्षांनी आली. सुरुवातीला तर कितीतरी इंडिकेटर असे होते की ते मोजायचे कसे याची ठरलेली पद्धतच नव्हती, त्यांना टियर तीन म्हणायचे, आणि हा टियर रिकामा व्हायला २०२० उजाडलं. हे डोक्यात ठेवून डॅशबोर्ड बघितला तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

आता इंडेक्स. २०१६ पासून दरवर्षी एका रिपोर्टसोबत येतो. देशाच्या पानावर गेलात की १७ उद्दिष्टांचे १७ रंगीत चौकोन दिसतात, हिरवा म्हणजे उद्दिष्ट गाठलंय, मग पिवळा, नारिंगी आणि लाल, प्रत्येकाशेजारी एक बाण, वर जाणारा की आडवा की खाली जाणारा. वर मोठ्या अक्षरात ० ते १०० मधला स्कोअर आणि रँक. दिसायला सुंदर आहे आणि पाच मिनिटांत एखाद्या देशाचा अंदाज येतो, याबद्दल पूर्ण मार्क. आमच्या अभ्यासगटातल्या मुलांना मी पहिल्यांदा हाच दाखवला आणि ज्यांना आकडे म्हटलं की झोप येते तीसुद्धा पुढे सरकून बसली.

पण पहिल्याच दिवशी गोंधळ झाला आणि तो माझा होता. मी एका देशाचा चार वर्षांपूर्वीचा रँक आणि ताजा रँक शेजारी ठेवून "बघा किती घसरला" असं सांगून मोकळी झाले. एका मुलीने विचारलं की दोन्ही वर्षी यादी तीच होती का. नव्हती. दर आवृत्तीत काही इंडिकेटर बदलतात, पद्धत सुधारते, जुने आकडे नव्याने दुरुस्त होऊन येतात, किती देशांना रँक द्यायचा हेही बदलतं, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांच्या रिपोर्टमधले रँक एकमेकांशी ताडून बघू नका असं रिपोर्टमध्येच स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलं नव्हतं. खरं तर डाउनलोडच्या एक्सेल फाइलमध्ये आजच्या पद्धतीने मागची वर्षं पुन्हा मोजून दिलेली एक वेगळी शीट असते, काळाप्रमाणे तुलना करायची असेल तर तीच वापरायची. पण मोठ्या अक्षरात रँक आणि ही शीट कुठेतरी फाइलच्या आत, मग लोक माझ्यासारखं करणारच, बातम्यांमध्येही दरवर्षी हेच होतं.

स्कोअर कसा काढतात ते समजून घ्या, कठीण नाहीये. प्रत्येक इंडिकेटरला दोन टोकं ठरवतात. वरचं टोक शक्य असेल तिथे उद्दिष्टातूनच घेतात, जसं अत्यंत गरिबी शून्य, आणि तसं स्पष्ट टार्गेट नसेल तर सर्वात चांगल्या पाच देशांची सरासरी धरतात. खालचं टोक ठरवताना अगदी तळाचे अडीच टक्के बाजूला ठेवतात म्हणजे एखाददुसऱ्या टोकाच्या आकड्याने पट्टी ताणली जात नाही. मग प्रत्येक देश या दोन टोकांमध्ये कुठे बसतो ते ० ते १०० मध्ये, त्याची उद्दिष्टवार सरासरी आणि शेवटी १७ उद्दिष्टांची साधी सरासरी, सगळ्यांना सारखं वजन. पद्धत उघड आहे, फाइल उघडी आहे, युरोपियन कमिशनच्या संशोधन केंद्राने तिचं सांख्यिकी ऑडिटही केलंय. हे मला मनापासून आवडलं, कारण ज्याचा हिशोब स्वतः तपासता येत नाही अशा रँकिंगवर मी विश्वास ठेवत नाही.

अडचण आहे ती साध्या सरासरीत. शिक्षणात कमावलेले गुण हवामानात गमावलेल्या गुणांची भरपाई करतात. कागदावर भरपाई होते, हवेतला कार्बन तर तिथेच राहतो ना. मानव विकास निर्देशांकवाल्यांनी याच कारणासाठी २०१० मध्ये साधी सरासरी सोडून गुणोत्तर सरासरी घेतली, म्हणजे एका बाजूला फार घसरलात तर दुसऱ्या बाजूच्या चांगल्या गुणांनी ते झाकलं जात नाही. इंडेक्सने हे दुखणं वेगळ्या मार्गाने हाताळलंय आणि इथे गंमत नीट लक्षात घ्या कारण नवख्या माणसाचा गोंधळ इथेच होतो: चौकोनाचा रंग सरासरीवरून ठरतच नाही! त्या उद्दिष्टातल्या सर्वात वाईट दोन इंडिकेटरवरून ठरतो. म्हणजे दहापैकी आठ इंडिकेटर उत्तम असले आणि दोन तळाला असले तरी चौकोन लाल. म्हणून स्कोअर ८० च्या वर आणि चौकोन लाल असं एकाच पानावर दिसतं आणि माणूस म्हणतो काहीतरी चुकलंय. काही चुकलेलं नाही, स्कोअर तुम्हाला एकूण सांगतो आणि रंग तुम्हाला कुठे दुखतंय ते सांगतो. फक्त हे चौकोनाशेजारी एका ओळीत लिहायला हवं होतं, पद्धतीच्या प्रकरणात शोधत जायला नको.

२०२१ पासून फिनलंड पहिला आहे, त्याच्या आधी बहुतेकदा स्वीडन असायचा, वरच्या जागा जवळजवळ सगळ्या युरोपच्या. पण त्यांच्या पानावर जाऊन बघा, जबाबदार उपभोग आणि हवामान या दोन उद्दिष्टांचे चौकोन बघा. पहिल्या नंबरचा देशसुद्धा पास झालेला नाही, सगळी १७ उद्दिष्टं गाठायच्या मार्गावर एकही देश नाही. आणि म्हणून या रिपोर्टचा जो भाग मला सर्वात मोलाचा वाटतो तो रँकच्या यादीत नाहीच, तो आहे स्पिलओव्हर इंडेक्स. एक देश स्वतःची उद्दिष्टं गाठताना दुसऱ्या देशांवर काय लादतो ते यात मोजतात. आयात मालात दडलेला कार्बन, शस्त्रांची निर्यात, प्लास्टिक कचऱ्याची निर्यात, कर चुकवायला दिलेला आसरा, इतकंच काय आयात केलेली वस्तू बनवताना दुसरीकडे कामगारांचे जे मृत्यू झाले त्यांचाही हिशोब आहे. हा स्कोअर लावला की मुख्य यादीतले वरचे बरेच देश खाली येतात. हे आकडे पहिल्यांदा बघितले त्या रात्री मी बराच वेळ स्क्रीनसमोर बसून होते. कारखाना सीमेपलीकडे गेला की चौकोन हिरवा होतो, हे आपल्याला मनातून माहीत असतं पण कोणीतरी ते मोजून ठेवलंय हे बघणं वेगळं. फक्त हा भाग पहिल्या पानावर का नाही, मुख्य रँकच्या शेजारी का नाही, हे मला पटत नाही. एक चांदणी मी इथेच कापतेय.

बाणांबद्दल जरा सांभाळून. बाण म्हणजे गेल्या काही वर्षांचा वेग सरळ रेषेत पुढे ओढून २०३० ला टार्गेट गाठेल का याचा अंदाज. प्रगती अशी सरळ रेषेत होत नाही, वीज पोचवण्याचं काम आधी हळू मग एकदम भरभर आणि शेवटची दुर्गम गावं परत हळू असं होतं. आणि फार मागून सुरुवात करणाऱ्या देशावर अन्याय होतो तो वेगळाच. मातामृत्यूचं टार्गेट जगासाठी एक लाख जिवंत जन्मांमागे ७० च्या खाली आहे. जगाचा आकडा २००० मध्ये ३२८ होता, २०२३ मध्ये १९७ झाला. आता समजा एखादा देश ८०० वरून ४०० वर आलाय, किती बायका वाचल्या असतील, पण चौकोन लाल तो लालच. आधीच्या सहस्रक विकास उद्दिष्टांच्या वेळीही हाच वाद झाला होता, अर्थतज्ञ विल्यम ईस्टर्ली यांनी २००९ मध्ये लिहिलं होतं की टार्गेट ज्या पद्धतीने बेतलीत तीच आफ्रिकेवर अन्याय करणारी आहे, चांगली कामगिरीसुद्धा अपयश दिसते. त्यामुळे मी मुलांना सांगते की रंग आणि बाण कधीच सुटे सुटे वाचू नका, आणि दोन्ही वाचल्यावर मूळ आकडा उघडून बघाच.

आता करड्या चौकोनांकडे येते, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं. करडा म्हणजे माहिती नाही. इंडेक्सचा नियम आहे की २० टक्क्यांपेक्षा जास्त माहिती गायब असेल तर त्या देशाला रँक देत नाहीत, म्हणून १९३ पैकी साधारण १६७ देशच यादीत दिसतात. उरलेल्यांमध्ये छोटे बेटदेश बरेच आहेत, म्हणजे समुद्राची पातळी वाढली तर ज्यांना सर्वात आधी फटका बसणार तेच यादीत नाहीत. नियम बरोबर आहे, अर्धवट माहितीवर रँक देणं जास्त वाईट झालं असतं, पण बघताना मन खट्टू होतं. आणि करडा नसलेल्या चौकोनातही आकडा कुठल्या वर्षाचा आहे ते बघा. प्रत्येक इंडिकेटरखाली वर्ष दिलेलं असतं. मी एका देशाची विषमता बघत होते, रंग ताजा तजेलदार आणि आकडा आठ वर्षांपूर्वीचा! मध्ये एक अख्खी महामारी होऊन गेली.

संयुक्त राष्ट्रांचा डेटाबेस इथे उपयोगी पडतो. तो रँक देत नाही, देणारही नाही, कारण २०३० चा करारच असा आहे की आढावा ऐच्छिक आणि देशांनी स्वतः घ्यायचा. प्रत्येक इंडिकेटरची जबाबदारी एकेका संस्थेकडे आहे, मातामृत्यू जागतिक आरोग्य संघटनेकडे, भूक अन्न व कृषी संघटनेकडे, अत्यंत गरिबी जागतिक बँकेकडे. त्या देशांकडून आकडे घेतात, जुळवतात, जिथे नाहीत तिथे अंदाज बांधतात आणि हा आकडा देशाने दिलेला की मॉडेलने काढलेला हे सोबतच्या खुणेत लिहिलेलं असतं. ही खूण म्हणजे या डेटाबेसची खरी श्रीमंती. साइट तज्ञांसाठी बनवलीय, कोडची सवय व्हायला आठवडा जातो, पण प्रत्येक इंडिकेटरचं जे व्याख्यापत्रक आहे ते वाचायला बसलात तर उठवत नाही. पाण्याचंच घ्या. आधीच्या उद्दिष्टांमध्ये "सुधारित स्रोत" मिळाला की मोजणी संपली, हातपंप असला तरी चाललं. आता सुरक्षित पाणी म्हणायचं तर ते घराच्या आवारात हवं, गरज असेल तेव्हा यायला हवं आणि दूषित नसायला हवं, तिन्ही एकत्र. त्या मोजमापाने २०२२ मध्ये जगात २२० कोटी लोकांकडे तसं पाणी नव्हतं. व्याख्या कडक केली म्हणून आकडा मोठा दिसतो, आणि तो तसाच दिसायला हवा.

भुकेच्या टार्गेटखालचं एक इंडिकेटर बघून तर मी पूर्णच गप्प झाले. त्यात लोकांना आठ प्रश्न विचारतात. गेल्या बारा महिन्यांत पैसे नाहीत म्हणून जेवण चुकवावं लागलं का, घरातलं अन्न संपलं होतं का, अख्खा दिवस काही न खाता काढावा लागला का. डेटाबेसमधला आकडा तिथून येतो, कोणीतरी कोणाला तरी हे थेट विचारलेलं असतं आणि त्या माणसाने हो म्हटलेलं असतं.

पट्टी बदलली की काय होतं याचं सर्वात मोठं उदाहरण गरिबीचं. टार्गेटच्या मजकुरात दिवसाला १.२५ डॉलर लिहिलंय. जागतिक बँकेने रेषा आधी १.९० केली, २०२२ मध्ये २.१५ आणि जून २०२५ मध्ये ३ डॉलर. या शेवटच्या बदलाने २०२२ सालचे अत्यंत गरीब ७१.३ कोटींवरून ८३.८ कोटी झाले. कोणाचं ताट रिकामं झालं नाही, किमतींची नवी माहिती आली आणि गरीब देशांनी स्वतःच्या गरिबीच्या रेषा वर नेल्या म्हणून पट्टी सरकली. ज्याला हे माहीत नाही तो एका ग्राफवर जुनी आणि दुसऱ्यावर नवी रेषा बघून वाट्टेल ते निष्कर्ष काढेल. म्हणून कुठलाही गरिबीचा आकडा बघितला की आधी कुठल्या रेषेचा ते बघा.

अवर वर्ल्ड इन डेटाचा ट्रॅकर २०१८ पासून आहे आणि सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी असं माझं ठाम मत आहे. उद्दिष्ट, त्याखाली टार्गेट, त्याखाली इंडिकेटर, प्रत्येकाची व्याख्या साध्या भाषेत आणि लगेच ग्राफ, हवे ते देश निवडा, डेटा उतरवून घ्या, नाव देऊन कुठेही वापरा. निकाल मात्र तो सांगत नाही, पास की नापास तुमचं तुम्ही ठरवायचं. मला हे आवडतं, घाईत असणाऱ्याला नाही आवडणार.

देशांनी स्वतः सादर केलेले आढावेही असतात, दर जुलैला न्यूयॉर्कमध्ये. २०१६ मध्ये २२ देशांनी केले होते, आता अमेरिका, हैती आणि म्यानमार सोडले तर जवळजवळ सगळ्यांनी निदान एकदा केलाय. वाचायला हरकत नाही, पण काय सांगायचं आणि काय गाळायचं हे देशाच्याच हातात असतं, त्यामुळे ते वाचताना डॅशबोर्ड शेजारच्या टॅबमध्ये उघडा ठेवा.

"रँकचा इतका राग का" असं मला एकाने विचारलं. राग नाही, भीती आहे. जागतिक बँकेचा डुइंग बिझनेस रिपोर्ट आठवा, कुठल्या देशात धंदा करणं किती सोपं याचा रँक तो द्यायचा, देशांची सरकारं त्या रँकसाठी नियम बदलायची, आणि शेवटी आकड्यांमध्ये गडबड झाल्याचं उघड होऊन २०२१ मध्ये बँकेला तो बंदच करावा लागला. रँक महत्त्वाचा झाला की रँकच सुधारला जातो. एसडीजी इंडेक्सचं तसं झालेलं नाही आणि होऊ नये असं मला मनापासून वाटतं, त्यांची उघडी फाइल हे त्यावरचं चांगलं संरक्षण आहे.

सरासरीमागे कोण दडलंय हे मात्र तिन्हींत नीट दिसत नाही. करारातच एक टार्गेट आहे, १७.१८, की २०२० पर्यंत उत्पन्न, लिंग, वय, वंश, अपंगत्व, स्थलांतर, ठिकाण याप्रमाणे सुटे केलेले आकडे मिळायला हवेत. २०२० जाऊन किती वर्षं झाली बघा. संयुक्त राष्ट्रांच्या डेटाबेसमध्ये स्त्री-पुरुष आणि शहर-खेडं असे काही तुकडे मिळतात, अपंगांविषयी शोधायला गेलात तर बहुतेक ठिकाणी रिकामे रकाने. "कोणालाही मागे ठेवायचं नाही" हे या उद्दिष्टांचं घोषवाक्य आहे, आणि मागे कोण राहिलंय तेच मोजलेलं नाही.

मार्क द्यायचे तर इंडेक्सला पाचपैकी साडेतीन, संयुक्त राष्ट्रांच्या डेटाबेसला चार आणि ट्रॅकरला साडेचार. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या रिपोर्टप्रमाणे ज्या टार्गेटचं मोजमाप होऊ शकतं त्यातली ३५ टक्केच मार्गावर किंवा बऱ्या वेगात आहेत आणि १८ टक्के तर २०१५ च्याही मागे गेलीत.

एक गोष्ट मात्र पुढच्या वर्षी मी डोळ्यात तेल घालून बघणार आहे. मातामृत्यू, बालमृत्यू, लसीकरण, कुटुंबनियोजन यांचे बरेचसे आकडे ज्या घरोघरच्या सर्वेक्षणातून यायचे तो डीएचएस कार्यक्रम १९८४ पासून चालू होता, नव्वदच्या वर देशांत चारशेहून जास्त सर्वेक्षणं त्याने केली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने पैसे थांबवल्यावर तो अडला. काही काम तात्पुरत्या मदतीवर परत सुरू झालं. पण अर्धवट थांबलेल्या सर्वेक्षणाचा परिणाम डॅशबोर्डवर लगेच दिसत नाही, दोन-तीन वर्षांनी दिसतो, आधी आकड्याखालचं वर्ष जुनं होत जातं आणि मग चौकोन करडा होतो. मी आत्ताच्या आवृत्तीतले करडे चौकोन देशवार मोजून एका वहीत लिहून ठेवलेत, नवीन आवृत्ती आली की पहिल्यांदा तेच मोजणार, रँक नंतर.